चुंबकीय वादळात इलेक्ट्रॉनना ऊर्जा मिळते कशी? एका वादळाचा माग काढायची रीत

आमच्याकडे ठाण्यात, घंटाळीजवळ, दर रविवारी सकाळी बीएस्सीची मुलं प्रोजेक्टच्या वह्या घेऊन जमतात. ऐरोली, खारघर, पनवेलहूनही काही येतात. भूचुंबकीय वादळ, म्हणजे सौरवाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडणारी खळबळ, हा त्यांचा आवडता विषय, आणि जवळजवळ प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य सापडतं: ‘सूर्याकडून प्रचंड ऊर्जेचे इलेक्ट्रॉन येतात आणि पृथ्वीच्या पट्ट्यांत अडकतात, वादळ जितकं मोठं तितके इलेक्ट्रॉन जास्त.’

हे वाक्य आधी खोडायला लागतं. सौरवाऱ्यातल्या, म्हणजे सूर्यावरून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतातल्या, इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. पृथ्वीच्या बाह्य पट्ट्यात, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांच्या बाहेरच्या वलयात, ज्यांच्यामुळे उपग्रह बिघडतात, त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एक एमईव्ही, किंवा त्याहून जास्त. ही लाखपट वाढ सूर्यावरून आयती येत नाही, ती पृथ्वीच्या चुंबकावरणात (तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या अवकाशातल्या घेरात) पायरीपायरीने होते. आणि प्रत्येक वादळात होतेच असंही नाही. १९८९ ते २००० या काळातली २७६ वादळं तपासली गेली, तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढलेले दिसले, साधारण पाचातल्या एका वादळानंतर ते चक्क घटले होते, आणि उरलेल्यांत फारसा फरक नव्हता.

म्हणून ‘वादळ आलं, इलेक्ट्रॉन वाढले’ असं लिहून भागत नाही. तुमच्या वादळात नेमकं काय झालं हे क्रमाने शोधावं लागतं. लागणारी सगळी माहिती इंटरनेटवर फुकट मिळते. लॅपटॉप, आलेख काढायचं कोणतंही सॉफ्टवेअर आणि एक मोठी वही एवढं पुरे.

तयारी: अर्धं काम इथेच होतं

वादळाची निवड. सगळ्यांना मे २०२४ चं वादळ हवं असतं. मोठं होतं हे खरं, डीएसटी (वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं हे सांगणारा निर्देशांक) उणे ४०० नॅनोटेस्लाच्याही खाली गेला होता. पण पट्ट्यांच्या अगदी आतून मोजमाप करणारे व्हॅन ॲलन प्रोब्ज हे जुळे उपग्रह ऑगस्ट २०१२ मध्ये सोडले गेले आणि २०१९ मध्ये बंद झाले. शिकायचं असेल तर त्या सात वर्षांतलं वादळ घ्या. मी नेहमी जोडी घ्यायला सांगते: १७ मार्च २०१५ चं वादळ, ज्यात इलेक्ट्रॉन भरपूर वाढले, आणि १२ सप्टेंबर २०१४ ला सुरू झालेलं छोटं वादळ, ज्यानंतर कितीतरी दिवस बाह्य पट्टा ओस पडला होता. दोन्ही शेजारीशेजारी ठेवली की कारणं आपोआप उघडी पडतात. एकटं वादळ घेतलं की माणूस हवं ते कारण चिकटवतो.

पाचपदरी आलेख. एकाच वेळेच्या अक्षावर, एकाखाली एक, पाच आलेख लावा. सगळ्यात वर सौरवाऱ्याचा वेग आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, म्हणजे बीझेड. त्याखाली डीएसटी किंवा त्याचंच मिनिटामिनिटाचं रूप, सिम-एच. तिसरा एई निर्देशांक, जो ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातले विद्युतप्रवाह सांगतो. चौथा, गोज या भूस्थिर उपग्रहावर मोजलेला २ एमईव्हीवरच्या इलेक्ट्रॉनचा फ्लक्स, म्हणजे ठरावीक क्षेत्रातून दर सेकंदाला किती इलेक्ट्रॉन जातात तो आकडा. पाचवा, व्हॅन ॲलन प्रोब्जवरचा फ्लक्स, उभ्या अक्षावर एल घेऊन. एल म्हणजे चुंबकीय बलरेषा विषुववृत्ताला जिथे छेदते तिथलं पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर, पृथ्वीच्या त्रिज्येच्या पटीत. बाह्य पट्टा साधारण एल ३ ते ७ मध्ये असतो. आपल्या गच्चीवरच्या डिश ज्यांच्याकडे तोंड करून असतात ते भूस्थिर उपग्रह एल ६.६ च्या आसपास, म्हणजे पट्ट्याच्या बाहेरच्या भागातच फिरतात.

वादळाच्या आधीचे किमान तीन दिवस आणि नंतरचे किमान सात दिवस घ्या. निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये आलेख वादळ संपताच तोडलेला असतो. खरी वाढ त्यानंतर होते.

फ्लक्सचा अक्ष लॉग स्केलवर. इथे आकडे हजारपटीने हलतात. साध्या अक्षावर फक्त शेवटचा डोंगर दिसतो, त्याआधीची दरी सपाट रेघ होऊन जाते, आणि निम्मी गोष्ट त्या दरीत असते.

> सावधान, वेळ. सगळा डेटा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. मार्च २०१५ च्या वादळात सौरवाऱ्याचा धक्का यूटीसीनुसार पहाटे ४:४५ च्या सुमारास आला. ठाण्यात तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. डीएसटी तळाला गेला तो यूटीसीनुसार १७ तारखेच्या रात्री उशिरा, आपल्याकडे १८ तारखेची पहाट उजाडत असताना. एका मुलीने अर्धे आलेख भारतीय वेळेत आणि अर्धे यूटीसीत काढले होते. तिच्या वहीत इलेक्ट्रॉन कारणाच्या आधीच वाढत होते! सगळं यूटीसीत ठेवा, भारतीय वेळ फक्त समासात लिहा.

> सावधान, दुहेरी सरकवणूक. सौरवारा मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूजवळ असतात (वरच्या एलशी या नावाचा संबंध नाही). आपला आदित्य-एल१ ही तिथेच आहे. सेकंदाला ५०० किलोमीटर वेगाचा वारा ते अंतर ५० मिनिटांत कापतो, म्हणून तिथल्या नोंदी तेवढ्या पुढे सरकवाव्या लागतात. पण ओम्नी या सौरवाऱ्याच्या एकत्रित संग्रहाचा डेटा आधीच सरकवलेला असतो. तो पुन्हा सरकवू नका.

टप्पा १: शांत दिवसांची पातळी लिहून ठेवा

वादळाच्या आधीच्या दिवसांत गोजचा फ्लक्स किती होता, ते आधी लिहा. नंतरची प्रत्येक ‘वाढ’ आणि ‘घट’ याच आकड्याशी ताडायची आहे.

इथे एक गंमत नीट समजून घ्या. शांत दिवसांतही गोजची रेघ रोज वरखाली होते. सूर्याच्या बाजूला चुंबकावरण दाबलेलं असतं आणि रात्रीच्या बाजूला ताणलेलं, त्यामुळे उपग्रह स्वतःच्या दुपारी बाराला जास्त इलेक्ट्रॉन पाहतो आणि स्वतःच्या मध्यरात्री कमी. पश्चिम रेखांश ७५ अंशावरच्या गोजची दुपार म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा. त्याची मध्यरात्र म्हणजे आपली सकाळ, साडेदहाचीच. सकाळी कॉलेजात रेघ पाहिली, रात्री जेवणानंतर पुन्हा पाहिली आणि ‘दिवसभरात दसपट वाढ’ लिहिलं, तर ती वाढ नाही.

> तपासा. तुलना नेहमी आजच्या दुपारची कालच्या दुपारशी करा, उपग्रहाच्या दुपारची. किंवा सरळ पूर्ण दिवसाची बेरीज घ्या.

टप्पा २: आधी दरी शोधा

वादळाचा मुख्य भाग सुरू झाला की बाह्य पट्ट्यातले इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा आधी कमी होतात. विद्यार्थ्यांना हे पटत नाही. काहींनी ‘उपकरणात बिघाड’ म्हणून हा भाग गाळूनच टाकलेला मी पाहिला आहे. गाळू नका. दरी तीन कारणांनी पडते आणि ती वेगळी करता आली पाहिजेत.

पहिलं कारण निव्वळ आभासाचं. वादळात पृथ्वीभोवती वलयप्रवाह वाढतो. तो मुख्यतः दहा-वीस ते काहीशे केईव्ही (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या प्रोटॉन आणि ऑक्सिजन आयनांचा असतो. त्याने पट्ट्यातलं चुंबकीय क्षेत्र कमी होतं. क्षेत्र कमी झालं की इलेक्ट्रॉन बाहेर सरकतात आणि त्यांची ऊर्जा उतरते. डीएसटी सावरला की ते सगळं जागेवर येतं. काहीही गमावलेलं नसतं, काही मिळवलेलंही नसतं.

दुसरं कारण खरं नुकसान. सौरवाऱ्याच्या दाबाने चुंबकावरणाची सूर्याकडची सीमा, जी एरवी पृथ्वीच्या सुमारे १० त्रिज्यांवर असते, ती आत रेटली जाते. कधी थेट भूस्थिर कक्षेच्याही आत. इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती गोल फिरत असतात, त्यांची वाट आता सीमेबाहेर पडते आणि ते कायमचे निसटतात. तिसरं कारण खालच्या दिशेचं: काही प्रकारच्या लाटा इलेक्ट्रॉनची दिशा बदलून त्यांना वातावरणात सांडतात.

> तपासा. डीएसटी सावरताना फ्लक्स त्याच्याच बरोबरीने जुन्या पातळीवर आला, तर दरी बरीचशी आभासाची. डीएसटी सावरला आणि फ्लक्स खालीच राहिला, तर नुकसान खरं.

इथेच त्या सर्वांत मोठ्या गैरसमजाचा हिशेब करून टाका. डीएसटी वलयप्रवाह मोजतो. एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनचा त्यात वाटा नगण्य. अलिबागच्या वेधशाळेचा आलेख, जी नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडून चालवली जाते, तोही आपल्याला मुख्यतः हेच सांगतो: धक्क्याची अचानक उडी, मग तासन्‌तासांची घसरण, मग सावकाश वर येणं. वादळ केव्हा आलं आणि किती खोल गेलं हे पाहायला तो फार चांगला, आणि घराजवळचा. इलेक्ट्रॉनना ऊर्जा मिळाली की नाही, हे त्यावरून कळत नाही. (अलिबागचा आलेख वापरणार असाल तर आणखी एक: शांत दिवशीही सकाळ ते दुपार तिथे एक फुगवटा येतो, तो आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, रोजच्या प्रवाहांचा. जवळच्या शांत दिवसाचा आलेख त्यातून वजा केल्याशिवाय आकडे लिहू नका.)

टप्पा ३: बियाणं पडलं का?

आता वाढीची गोष्ट सुरू होते. दहा इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन एका उडीत एमईव्हीला पोहोचत नाही. मधली पायरी लागते, आणि ती रात्रीच्या बाजूच्या चुंबकीय शेपटीत घडते.

बीझेड दक्षिणेकडे वळला, म्हणजे आलेखात उणे झाला, की सौरवाऱ्याची ऊर्जा शेपटीत साठत जाते. मग ती झटक्यात मोकळी होते. याला उपवादळ म्हणतात. त्या झटक्यात शेपटीतले इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे फेकले जातात आणि दोन वेगळ्या जातींचे इलेक्ट्रॉन बाह्य पट्ट्याच्या दारात येऊन पडतात. काही दशक केईव्हीचे, आणि काहीशे केईव्हीचे. पहिल्यांचं काम पुढच्या टप्प्यात लाटा जन्माला घालायचं. दुसरे म्हणजे बियाणं, त्यांनाच पुढे एमईव्हीपर्यंत वाढायचं असतं. एकच जात असून चालत नाही.

तुमच्या आलेखात हे असं शोधा: बीझेड उणे, त्यापाठोपाठ एई काहीशे नॅनोटेस्लांनी वर, आणि त्याच सुमाराला व्हॅन ॲलन प्रोब्जवर शंभर केईव्हीच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनची अचानक उडी. एकदाच झालं तर ते फारसं उपयोगाचं नाही. तास न्‌ तास, पुन्हा पुन्हा झालं पाहिजे.

सप्टेंबर २०१४ चा आलेख आता शेजारी ठेवा. १३ ते २२ सप्टेंबर या काळात बीझेड बराचसा उत्तरेकडे, म्हणजे अधिक होता. उपवादळं नाहीत, म्हणून बियाणं नाही, आणि लाटाही नाहीत. भूस्थिर कक्षेतसुद्धा एमईव्हीचे इलेक्ट्रॉन दिवसेंदिवस गायब राहिले. त्याच्या लगेच आधीच्या आणि लगेच नंतरच्या वादळात मात्र चांगली वाढ झाली होती. पेरणीच झाली नाही तर पीक कुठून येणार?

> नेहमीची चूक. ‘सौरवाऱ्याचा वेग जास्त होता म्हणून इलेक्ट्रॉन वाढले.’ वेगाचा संबंध आहे, तो वर्षानुवर्षांच्या नोंदींत दिसतो. पण एकट्या वेगावर निष्कर्ष लिहू नका. बीझेड किती खोल गेला यापेक्षा किती वेळ, किती वेळा दक्षिणेला राहिला ते मोजा आणि वेगाच्या शेजारी लिहा.

टप्पा ४: कोरस लाटा, जागच्या जागी मिळणारी ऊर्जा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि इथे घाई होते.

पट्ट्यातल्या एक एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनला तीन चाली असतात. बलरेषेभोवती गिरक्या, एका गिरकीला सेकंदाचा हजारावा हिस्सा किंवा त्याहून कमी. बलरेषेवरून उत्तर-दक्षिण येरझारा, एका फेरीला सेकंदाच्या काही दशांश इतका वेळ. आणि पृथ्वीभोवती पूर्वेकडे प्रदक्षिणा, दहा-पंधरा मिनिटांची. या तीनही आकड्यांची एक ओळ वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा, कारण कोणती लाट इलेक्ट्रॉनला ऊर्जा देऊ शकते हे यावरूनच ठरतं. झोका द्यायचा तर झोक्याच्या लयीत हात लागायला हवा. लाटेची लय ज्या चालीशी जुळेल, त्या चालीवर ती काम करते.

कोरस या चुंबकावरणातल्या एका प्रकारच्या विद्युतचुंबकीय लाटा. त्यांची लय गिरकीशी जुळते. एल ५ जवळ विषुववृत्तावर क्षेत्र सुमारे २५० नॅनोटेस्ला असतं, तिथे कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची गिरकी-वारंवारता सेकंदाला साधारण ७ हजार. कोरस लाटा बहुतांशी तिच्या एक दशांश ते आठ दशांश एवढ्या वारंवारतेत येतात आणि बरोबर निम्म्यावर त्यांच्यात एक फट असते. इलेक्ट्रॉन लाटेच्या समोरून धावत येतो तेव्हा त्याला लाटेची वारंवारता वाढलेली भासते, आणि वेगवान इलेक्ट्रॉनची स्वतःची गिरकी सापेक्षतेमुळे मंदावलेली असते. या दोन्हींची गाठ पडते तिथे लाट त्याला ढकलू शकते. दर ढकलीत मिळतं ते थोडंसंच, कधी उलटं जातंही. पण असंख्य ढकलींनंतर काहीशे केईव्हीच्या गर्दीतले काही इलेक्ट्रॉन एमईव्हीत पोहोचलेले असतात. यासाठी तास लागतात, कधी एक-दोन दिवस.

या लाटा ऐकण्याच्या टप्प्यातल्या वारंवारतेच्या असतात. नोंद स्पीकरवर लावली की पहाटे गच्चीवर जसा पाखरांचा गलका उठतो तसा आवाज येतो, एकात एक मिसळलेल्या चढत्या शिट्ट्या. मुलांना मी हे आधी ऐकवते, मग वर्णपट (कोणत्या वेळी कोणती वारंवारता होती तो आलेख) दाखवते. त्या शिट्ट्या म्हणजे आलेखातल्या तिरक्या चढत्या रेघा, हे कानाने कळलं की डोळा ती रेघ कधीच चुकवत नाही. आणि त्या सापडतातही बहुधा मध्यरात्र ते पहाट ते दुपार या बाजूला, कारण रात्रीच्या बाजूला पडलेले इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्याच दिशेने सरकतात.

> सावधान. वर्णपटात दिसलेली प्रत्येक लाट कोरस नसते. पृथ्वीभोवतीच्या थंड, दाट प्लाझ्माच्या आत ‘हिस’ नावाची लाट असते. ती सलग, धुरकट दिसते, तिरक्या रेघा नसतात. तिचा परिणामही उलटा, ती इलेक्ट्रॉन हळूहळू सांडवते. उपग्रह त्या दाट भागाच्या आत आहे की बाहेर, हे आधी पाहा. आतल्या नोंदीला कोरस म्हणून सगळा निष्कर्ष उलटा झालेली एक वही माझ्याकडे अजून आहे.

टप्पा ५: आत सरकताना मिळणारी ऊर्जा

दुसरी वाट पूर्ण वेगळी. यूएलएफ लाटा, म्हणजे अत्यंत कमी वारंवारतेच्या लाटा, फार मंद असतात, एका झोक्याला अडीच ते दहा मिनिटं. त्यांची लय प्रदक्षिणेशी जुळते. त्यांच्या धक्क्यांनी इलेक्ट्रॉन आत-बाहेर हलतात, आणि बाहेर साठा जास्त असेल तर एकूण ओघ आत येतो. आत क्षेत्र जास्त तीव्र. गिरकीशी निगडित राशी, म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले चुंबकीय क्षेत्र, या प्रवासात बदलत नाही. म्हणून क्षेत्र वाढलं की संवेग वाढलाच पाहिजे.

एक हिशेब हाताने कराच. इलेक्ट्रॉन एल ६ वरून एल ४ वर आला. द्विध्रुवी क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून क्षेत्र १.५ चा घन, म्हणजे ३.३७५ पट झालं. सुरुवातीची गतिज ऊर्जा ०.३ एमईव्ही आणि इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ०.५११ एमईव्ही. संवेगाचा वर्ग, ऊर्जेच्या एककात: ०.३ चा वर्ग अधिक २ गुणिले ०.३ गुणिले ०.५११, उत्तर ०.३९७. त्याला ३.३७५ ने गुणा, १.३३९. त्यात ०.५११ चा वर्ग मिळवा, १.६००. वर्गमूळ १.२६५. त्यातून ०.५११ वजा करा: सुमारे ०.७५ एमईव्ही. म्हणजे नुसतं आत सरकून ऊर्जा अडीचपट झाली.

> नेहमीची चूक. या हिशेबात ‘ऊर्जा क्षेत्राच्या प्रमाणात’ धरून ०.३ ला थेट ३.३७५ ने गुणतात आणि १ एमईव्ही काढतात. तो नियम मंद कणांचा. ०.३ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त वेगाने धावतो. इथे सापेक्षतेचं सूत्रच लागतं.

आणखी एक वाट आहे, धक्क्याची. २४ मार्च १९९१ ला सौरवाऱ्यातल्या एका जोरदार धक्क्याने एल २.५ जवळ १० एमईव्हीहून जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा नवा पट्टा मिनिटांच्या हिशेबात उभा केला होता. हे क्वचित होतं. तुमच्या आलेखात वाढ धक्क्याबरोबरच, काही मिनिटांत आली असेल, तरच या वाटेचा विचार करा.

टप्पा ६: कोरस की सरकणं? निवाडा कसा करायचा

बहुतेक वह्या इथे हात टेकतात आणि ‘दोन्हींमुळे’ असं लिहून मोकळ्या होतात. निवाडा करायची रीत आहे.

साधा फ्लक्स वापरून तो होत नाही. आत सरकताना इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलते हे आत्ताच पाहिलं; मग एल ६ वरचे १ एमईव्हीचे आणि एल ४ वरचे १ एमईव्हीचे इलेक्ट्रॉन एकमेकांशी ताडून काय हाती लागणार? ते वेगळे गट आहेत. एल ४ वरच्या ०.७५ एमईव्हीची तुलना एल ६ वरच्या ०.३ एमईव्हीशी करायची. म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले क्षेत्र ही राशी एकच ठेवायची, ऊर्जा नाही. मग प्रत्येक ठिकाणच्या फ्लक्सला तिथल्या संवेगाच्या वर्गाने भागा. जे उरतं त्याला प्रावस्था-अवकाश घनता म्हणतात. ती एलच्या अक्षावर मांडा.

व्हॅन ॲलन प्रोब्जची एक फेरी सुमारे नऊ तासांची आणि पृथ्वीच्या केंद्रापासूनचं सर्वांत दूरचं टोक सुमारे ५.८ त्रिज्यांवर. जाताना एकदा, येताना एकदा असा प्रत्येक उपग्रह साधारण साडेचार तासांनी पट्ट्याचा एक छेद देतो. पाच-सहा छेद एकावर एक काढा, प्रत्येकाला वेगळा रंग.

रेघ आतून बाहेर चढतच गेली आणि काळाबरोबर सगळीच उचलली गेली, तर साठा बाहेर आहे आणि इलेक्ट्रॉन सरकत आत येत आहेत. मधेच, एल ४ ते ५ च्या आसपास, टेकडी उभी राहिली आणि छेदागणिक उंच होत गेली, तर ऊर्जा तिथेच मिळते आहे. पाणी बाहेरून झिरपून आत आलं तर मधे उंचवटा होत नाही. उंचवटा वाढतोय म्हणजे तिथे झरा आहे. ८-९ ऑक्टोबर २०१२ च्या वादळात प्रोब्जनी अशीच वाढती टेकडी पकडली, आणि जागच्या जागी ऊर्जा मिळते याचा तो भक्कम पुरावा ठरला.

> सावधान, फसवी टेकडी. आधी सगळीकडे साठा भरला आणि नंतर बाहेरचा भाग सीमेबाहेर निसटून गेला, तरी मधे टेकडी उरते. तिथे काहीच पिकलेलं नसतं, फक्त कड खचलेली असते. म्हणून एका छेदावरून निवाडा देऊ नका. टेकडीचा माथा वाढतोय का, हाच प्रश्न.

> तपासा. टेकडी वाढत असलेल्या तासांत कोरस दिसतो का आणि बियाणं हजर आहे का, ते टप्पा ३ आणि ४ च्या नोंदींशी जुळवा. तिन्ही जुळले तरच ‘कोरस’ लिहा. आणि टेकडी उभी राहिल्यावर यूएलएफ लाटा ती दोन्ही बाजूंना पसरवतात, आत गेलेल्यांना आणखी ऊर्जाही देतात. तेव्हा ‘आधी कोरस, मग सरकणं’ हे उत्तर बरोबर असू शकतं, पण क्रमासकट आणि तासांसकट लिहिलेलं असेल तर.

टप्पा ७: जमाखर्च

आता टप्पा १ चा आकडा काढा आणि वादळानंतरच्या दोन-तीन दिवसांतल्या सर्वांत वरच्या पातळीशी ताडा. वाढ, घट की जैसे थे, हे पटींत लिहा. प्रत्येक एलसाठी वेगळं लिहा; एल ४ वर वाढ आणि ६.६ वर घट एकाच वादळात होऊ शकते, आणि फक्त गोज पाहणाऱ्याला अर्धंच दिसतं. प्रत्येक ऊर्जेसाठीही वेगळं: काहीशे केईव्ही काही तासांत वाढतात, कित्येक एमईव्हीचे इलेक्ट्रॉन दिवसांनी.

सूर्याकडून प्रोटॉनचा वर्षाव चालू असेल तर थांबा. ते प्रोटॉन इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या उपकरणात शिरून खोटे आकडे देतात. प्रोटॉनचा आलेख त्याच पानावर काढला की ही चूक होत नाही.

टप्पा ८: चालू वादळावर हात बसवा

जुन्या दोन वादळांवर हात बसला की चालू घडामोडीवर अंदाज बांधून पाहा. गोजच्या २ एमईव्हीवरच्या फ्लक्सची इशारापातळी १००० असते, दर चौरस सेंटिमीटर, दर सेकंद, दर स्टेरेडियन. तिच्यावर रेघ गेली की उपग्रहांच्या आत, तारांच्या आवरणात आणि सर्किट बोर्डांत, विद्युतभार साचायला लागतो आणि तो एकदम सुटला की इलेक्ट्रॉनिक्स निकामी होऊ शकतं.

यासाठी मोठ्या वादळाची वाट पाहू नका. सूर्यावरच्या किरीट-विवरातून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विरळ, काळपट दिसणाऱ्या भागातून, वेगवान वारा आला की डीएसटी जेमतेम उणे ५० पर्यंत जातो, कधी तेवढाही नाही. बातमीत येत नाही. पण त्या वाऱ्यात बीझेड दिवसेंदिवस वरखाली डोलत राहतो, उपवादळं होत राहतात, बियाणं पडत राहतं, आणि दोन-तीन दिवसांत गोजची रेघ इशारापातळी ओलांडून जाते. माझ्या मते शिकायला हीच वादळं सगळ्यात चांगली, कारण इथे क्रम सावकाश उलगडतो आणि प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो.

वेग सेकंदाला ५०० किलोमीटरच्या वर गेला की वहीत तारीख टाका. बीझेड किती तास उणे राहिला ते रोज लिहा. आणि रोज रात्री साडेदहाला, त्याच ७५ अंशावरच्या गोजची दुपार गाठून, फ्लक्सचा एकच आकडा. किमान आठवडाभर. सूर्य पृथ्वीवरून पाहता साधारण २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. विवर टिकून राहिलं तर तोच वारा पुन्हा आपल्यावर येईल. त्या तारखेसमोर वहीत जागा कोरी सोडा, आपला अंदाज पेन्सिलीने आधीच लिहा, आणि २७ दिवसांनी खरा आकडा शेजारी पेनाने.